तांब्यातली रेघ, मजुरीचा रंग

बर्लिनला समुद्र नाही. अठराव्या शतकात बाल्टिकचा किनारा गाठायचा तर घोडागाडीत दिवस मोडत. तरीही जगभरच्या खेकड्यांवरचा त्या काळातला सर्वात महत्त्वाचा सचित्र ग्रंथ याच शहरात बसून लिहिला गेला. लिहिणारे योहान फ्रीडरिश विल्हेल्म हर्बस्ट (१७४३–१८०७) हे पेशाने पाद्री. आधी प्रशियाच्या फौजेत आणि पुढे बर्लिनच्या मारियनकिर्श या जुन्या चर्चमध्ये ते धर्मोपदेशक होते. खेकडे आणि शेवंडी यांच्या निसर्गेतिहासावरच्या त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग १७८२ साली निघाला, शेवटचा १८०४ साली. एकूण तीन खंड आणि ६२ चित्रपृष्ठे. प्रत्येक पृष्ठ तांब्याच्या पत्र्यावरून छापलेले आणि मग हाताने रंगवलेले.

या ६२ पानांतले बरेच खेकडे कोकणातल्या माणसाला अनोळखी वाटणार नाहीत. पाठीवर तीन तांबडे, पांढऱ्या कडेचे ठिपके असलेला खेकडा मुंबईपासून गोव्यापर्यंत मासळीबाजारात टोपल्यांतून येतो. त्याचे शास्त्रीय नाव आहे पोर्ट्युनस सँग्विनोलेंटस, आणि त्यापुढे कंसात लिहिले जाते ‘हर्बस्ट, १७८३’. कांदळवनातल्या चिखलात राहणाऱ्या चिंबोऱ्यांमध्ये स्किला ऑलिव्हेशिया नावाची एक जात आहे. तिच्या नावापुढेही हर्बस्टच आहेत, साल १७९६. उष्ण कटिबंधातल्या प्राण्यांचे बारसे असे प्रशियाच्या राजधानीत झाले.

त्या पानांवर दोन निराळी कामे एकमेकांवर बसलेली दिसतात. खालची काळी रेघ तांब्यात कोरलेली. ती एकदाच कोरली गेली आणि शेकडो प्रतींत तशीच उमटली. वरचा रंग मात्र प्रत्येक प्रतीवर नव्याने, ब्रशने आणि बहुतेक वेळा मजुरीवर लावलेला. रेघ ज्याने ओढली त्याच्यासमोर निदान मेलेला खेकडा तरी असे. रंग देणाऱ्याच्या नशिबी तेवढेही नसे.

ही विभागणी हर्बस्ट यांच्या आधीपासून चालत आली होती. तिचे धागेदोरे आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटापर्यंत जातात. डच ईस्ट इंडिया कंपनीचे हे लवंगेच्या व्यापाराचे ठाणे. तिथे गेओर्ग एबरहार्ड रुम्फियस (१६२७–१७०२) नावाचा जर्मन नोकर आयुष्यभर झाडे, शंख आणि खेकडे गोळा करत राहिला. १६७० साली त्याची दृष्टी गेली. १६७४ च्या भूकंपात बायको आणि मुलगी गेली. १६८७ च्या आगीत चित्रे जळाली. तरी त्याने मजकूर सांगून लिहून घेतला आणि हस्तलिखित हॉलंडला पाठवले. १७०५ साली ते ॲमस्टरडॅममध्ये ६० चित्रपृष्ठांसह छापून आले तेव्हा रुम्फियसला जाऊन तीन वर्षे झाली होती. त्याच्या चित्रांच्या कामात मारिया सिबिला मेरियन या ख्यातनाम चित्रकर्तीचा हात होता. चौथ्या पानावरचा अवाढव्य नारळखेकडा पुढे कितीतरी पुस्तकांत पुन्हा पुन्हा उतरवला गेला. ग्रंथ दृष्टिहीन माणसाचा, आणि जी चित्रे अंबोनहून आली नाहीत ती हॉलंडमधल्या हौशी संग्राहकांच्या कपाटातले नमुने बघून काढलेली! रेघेचाही प्रवास काही सरळ नव्हता.

त्याच बेटावर सॅम्युएल फाल्लुर्स नावाचा कंपनीचा आणखी एक नोकर चित्रे काढत होता, आणि त्याला रंगांचे भारी वेड. त्याच्या चित्रांवरून लुई रेनार या ॲमस्टरडॅममधल्या पुस्तकविक्रेत्याने १७१९ च्या सुमारास मासे, शेवंडी आणि खेकडे यांचा एक रंगीत ग्रंथ काढला. रेनार स्वतः ब्रिटिश दरबाराचा हस्तक होता आणि ग्रंथही त्याने राजा पहिल्या जॉर्जला अर्पण केला. शंभर पानांवर ४६० चित्रे. त्यांत ४१ कवचधारी जलचर. निळे, केशरी, पोपटी खेकडे, त्यांच्या पाठीवर चट्टेपट्टे आणि नक्षी. शेवटाकडे एक जलपरीही आहे. टिपेनुसार ती पाण्याच्या हौदात चार दिवस सात तास जगली, अधूनमधून उंदरासारखी चिरकत होती, आणि पुढ्यात मासे, खेकडे, शेवंडी ठेवल्या तरी तिने काही तोंडात घेतले नाही. पुढच्या अभ्यासकांनी हे पुस्तक थट्टेवारी नेले, पण बारकाईने पाहणाऱ्यांना त्यातले बरेचसे मासे ओळखता आले. आकार पुष्कळदा खऱ्याच्या जवळ जातो. हात मोकळा सुटला आहे तो रंगात.

जलपरीचे चित्र कसे छापले आणि खेकड्याचे कसे, यात काही फरक नव्हता. कारागिरी एकच होती.

तांब्याचा पत्रा घासून-पुसून आरशासारखा गुळगुळीत केला जाई. मूळ चित्र पातळ कागदावर उतरवून त्याची बाह्यरेषा पत्र्यावर घेत. मग ब्युरिन नावाचे टोकदार पोलादी हत्यार तळहाताच्या जोरावर पुढे ढकलत रेघा खोदायच्या. काही जण पत्र्यावर मेणाचा लेप देऊन सुईने रेखाटत आणि पत्रा आम्लात बुडवत; हेच एचिंग. जिथे मेण निघाले तिथे आम्ल तांबे खाई. खेकड्याच्या पाठीवरचे दाणे बारीक ठिपक्यांनी येत, पायांवरची लव आखूड रेघांनी, कवचाचा फुगवटा समांतर वळणदार रेघांनी. पत्र्याला शाई फासून वरची पुसून काढली की ती फक्त खाचांत राही. ओलसर कागद वर ठेवून पत्रा दोन रुळांच्या यंत्रातून दाबून काढला की शाई कागदावर येई, आणि पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाबही कागदात कायमचा उमटे. जुने पान पारखणारे आजही पहिल्यांदा तोच दाब बोटाने चाचपतात.

या पद्धतीत एक मेख होती. पत्र्यावर जे डावीकडे ते कागदावर उजवीकडे जाई. सरळ छाप हवी तर चित्र आधी उलटे करून कोरावे लागे, आणि तेवढी तसदी सगळेच घेत नसत. रेम्ब्राँटने १६५० साली एका शंखाचे एचिंग केले. सही मात्र त्याने जपून उलटी कोरली, म्हणून ती सरळ उमटली. पण शंख छापात डाव्या वळणाचा झाला. खऱ्या समुद्रात त्या जातीचे शंख उजव्या वळणाचे असतात. साध्या खेकड्याचे यात फारसे बिघडत नाही, कारण त्याच्या दोन्ही बाजू सारख्या. फिडलर खेकड्याच्या नराची एक नांगी अवाढव्य असते, पण ती कुणाची डावीकडे तर कुणाची उजवीकडे, म्हणून तोही निभावून जातो. फसगत होते ती शंखात राहणाऱ्या संन्यासी खेकड्याची. त्याचे पोट आणि त्याचे घर दोन्ही एकाच बाजूला वळलेले असतात, आणि निष्काळजी कोरक्याच्या पत्र्यावर ते खुशाल उलटे होत.

छाप वाळली की पाने रंगाऱ्यांकडे जात. लेखकाच्या किंवा चित्रकाराच्या देखरेखीखाली एक नमुना प्रत रंगवलेली असे. ती समोर ठेवून बाकीच्या प्रती करायच्या. मोठ्या कामात एकाने एकच रंग द्यायचा आणि पान शेजाऱ्याकडे सरकवायचे, अशी वाटणी असे. या कामात स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, आणि मुलेही. लंडनमध्ये १७८७ साली सुरू झालेल्या कर्टिसच्या वनस्पती-मासिकासाठी एका वेळी सुमारे ३० रंगारी बसत, आणि त्या मासिकाची चित्रे थेट १९४८ पर्यंत हातानेच रंगवली जात होती. पानाच्या तळाशी चित्रकाराचे नाव डावीकडे, कोरक्याचे उजवीकडे छापण्याची रीत होती. रंगाऱ्याच्या नावासाठी जागाच नव्हती.

रंग मात्र सातासमुद्रांपलीकडून येत. लाल कारमाईन मेक्सिकोतल्या निवडुंगावरच्या कोचिनील किड्यांपासून बनत असे. पिवळा गँबोज म्हणजे आग्नेय आशियातल्या एका झाडाचा चीक. गडद निळा तेवढा बर्लिनचाच. १७०६ च्या सुमारास तिथल्या एका रंगशाळेत तो अपघाताने सापडला आणि प्रशियन ब्लू म्हणून जगभर गेला. हिरव्यासाठी तांब्याचा जंगाल. हा दगाबाज निघाला. काही दशकांत तो तपकिरी पडे आणि कागदाला इतका खाई की डाग मागच्या बाजूने दिसू लागे. डिंकाच्या पाण्यात कालवलेले हे रंग पातळ ठेवावे लागत, नाहीतर खालची रेघ बुजून जाई. खेकड्याच्या चित्रात चांगला रंगारी पाठीवर एकच हलका हात फिरवी, तो ओला असतानाच कडेला गडद छटा सोडी, आणि नांगीच्या टोकांना शेवटी दाट ठिपका देई. फुगवटा दाखवायला कागदाचा पांढरा तुकडा तसाच कोरा ठेवी.

खेकड्याच्या बाबतीत मात्र नमुना प्रतच मुळात किती खरी, हा प्रश्न होता. हिरवीनिळी कुर्ली उकळत्या पाण्यात टाकली की लालबुंद होते, हे कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. कारण साधे आहे. तिच्या कवचात ॲस्टाझँथिन नावाचे तांबडे रंगद्रव्य असते, पण जिवंतपणी ते प्रथिनांशी बांधलेले असल्यामुळे निळे, हिरवे किंवा करडे दिसते. उष्णतेने प्रथिन मोडले की मूळ तांबडा रंग मोकळा होतो. हेच काम मद्यार्कही करतो. लांबच्या सफरीवर निघालेल्या जहाजात खेकडा टिकवायचे उपाय दोनच: उन्हात खडखडीत वाळवायचा, नाहीतर दारूच्या बरणीत बुडवायचा. वाळवलेला फिकट पडतो. बरणीतला आधी तांबूस होतो आणि मग हळूहळू रंग सोडून देतो. वर्षभराचा प्रवास करून हॉलंडला किंवा प्रशियाला पोचलेल्या नमुन्याच्या अंगावर त्याचे किनाऱ्यावरचे रूप क्वचितच उरत असे. जुन्या ग्रंथांतले इतके खेकडे विटकरी, गुलाबी आणि केशरी का, याचे उत्तर बऱ्याच अंशी या बरण्यांत आहे.

ॲमस्टरडॅमचे औषधविक्रेते अल्बर्टस सेबा (१६६५–१७३६) यांचा संग्रह असाच बंदरावर जमला. जहाज लागले की ते औषधे घेऊन खलाशांकडे जात आणि परदेशी प्राणी विकत घेत. पहिला संग्रह त्यांनी रशियाच्या पीटर द ग्रेटला विकला आणि लगेच दुसरा जमवला. त्यावरच्या चार खंडांच्या ग्रंथात ४४६ चित्रपृष्ठे आहेत. खेकड्यांची पाने असलेला तिसरा खंड सेबा गेल्यावर वीसहून अधिक वर्षांनी निघाला. तो रंगवला गेला तेव्हा नमुने जुने झाले होते आणि ते ज्याने विकत घेतले तो हयात नव्हता.

या सगळ्यात मार्क केट्सबी हा इंग्रज उठून दिसतो. तो अमेरिकेच्या कॅरोलायना भागात आणि बहामा बेटांवर स्वतः हिंडला, १७२६ साली लंडनला परतला, आणि पॅरिस-ॲमस्टरडॅमचे कोरके परवडत नाहीत म्हणून एचिंग स्वतः शिकला. मासे पाण्याबाहेर काढताच रंग बदलतात हे त्याने पाहिले होते. म्हणून एकाच माशाचे चित्र पुरे करण्यासाठी तो ताजे, जिवंत मासे एकामागून एक आणवून घेई. १७२९ ते १७४७ या काळात त्याची २२० चित्रपृष्ठे हप्त्याहप्त्याने निघाली; रंगीत अंकाची किंमत साध्या अंकाच्या दुप्पट. त्यातल्या जमिनीवरच्या खेकड्याने नांगीत फळाची एक डहाळी धरली आहे. पाय चालताना टेकावेत तसे टेकलेले आहेत. दारूच्या बरणीतल्या खेकड्याला अशी चाल नसते.

हर्बस्ट यांना ही सोय नव्हती. त्यांच्या नमुन्यांचा रस्ता व्यापारी, संग्राहक आणि मिशनरी यांच्या हातांतून येई. बर्लिनच्या अभ्यासकांना हिंदुस्थानातून प्राणी पाठवणाऱ्यांत ख्रिस्तोफ सॅम्युएल जॉन हे एक मोठे नाव. ते तरंगंबाडीच्या, म्हणजे युरोपीय लोकांच्या ट्रँकेबारच्या, डॅनिश वसाहतीत मिशनरी होते. कोरोमंडल किनाऱ्यावरची ही वसाहत तंजावरच्या राज्यात होती, आणि तिथे मराठ्यांचे राज्य आल्यावर डॅनिश लोक भोसले राजांना दरसालचा खंड भरत. महाराष्ट्रात तस्करांच्या टोळ्यांमुळे सतत बातम्यांत असणाऱ्या मांडुळाचे शास्त्रीय नाव एरिक्स जॉनिआय. ते याच जॉन यांच्यावरून पडले आहे.

हर्बस्ट यांच्या ग्रंथात गोव्याशी नाते सांगणारा एक खेकडा आहे. त्याच्या पाठीवर क्रुसासारखी फिकट खूण असते. १५४६ साली सेंट फ्रान्सिस झेवियर अंबोनच्या आसपासच्या बेटांवर होते. वादळात त्यांच्या हातचा क्रूस समुद्रात पडला आणि ते किनाऱ्यावर उतरल्यावर एका खेकड्याने तो नांग्यांत धरून परत आणून दिला, अशी दंतकथा आहे; म्हणून त्या जातीच्या पाठीवर क्रूस उमटला म्हणतात. झेवियर यांचे पार्थिव जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकात आहे, आणि हा खेकडा गोव्याच्या जाळ्यांतही येतो. प्रोटेस्टंट पाद्री असलेल्या हर्बस्ट यांनी १७९४ साली त्याला ‘कॅन्सर क्रुसिॲटस’ म्हटले. हे नाव टिकले नाही. लिनियसने १७५८ सालीच त्याला दुसरे नाव देऊन ठेवले होते, आणि आधीच्या नावाला मान देण्याचा प्राणिशास्त्राचा नियम आहे. आज तो कॅरिब्डिस फेरिॲटा. चित्रात क्रूस नीट दिसायचा तर भोवतीचा तपकिरी रंग काटेकोर कडेवर थांबायला हवा, आणि इथेच प्रत्येक प्रतीचा हात निराळा पडतो.

एकोणिसाव्या शतकात हे काम थोडे सरळ झाले. विल्यम एल्फर्ड लीच यांनी १८१५ पासून ब्रिटनच्या खेकड्यांवर हप्त्यांनी ग्रंथ काढला. चित्रे जेम्स सोवर्बी यांची होती आणि खेकडे घरच्याच किनाऱ्यावरचे, त्यामुळे ताजा नमुना मिळवणे अवघड नव्हते. पण लीच यांची तब्येत ढासळली, काम १८२० ला थांबले, आणि ते गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी, १८७५ साली, सोवर्बी घराण्याच्याच पुढच्या पिढीतल्या माणसाने ते पुरे केले. तोवर तांब्याची सद्दी संपली होती. दगडावर तेलकट खडूने चित्र काढून छापण्याची लिथोग्राफी स्वस्त होती, आणि त्यात कोरक्याची गरज उरली नव्हती. पुढे रंगही दगडावरूनच छापले जाऊ लागले आणि रंगाऱ्यांची बाके रिकामी झाली.

हिंदुस्थानच्या खोल समुद्रातल्या खेकड्यांची चित्रे निघाली ती तांब्याची सद्दी संपल्यानंतर. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘इन्व्हेस्टिगेटर’ ही सर्वेक्षण बोट १८८१ पासून बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात गाळ उपसत फिरत होती. तिच्यावर डॉक्टर आणि निसर्ग-अभ्यासक म्हणून गेलेल्या आल्फ्रेड आल्कॉक यांनी पुढे हिंदुस्थानच्या खेकड्यांवर मोठे लेखन केले. बोटीने आणलेल्या प्राण्यांच्या चित्रपृष्ठांवर ए. सी. चौधरी आणि एस. सी. मंडल या बंगाली चित्रकारांची नावे आहेत. या पानांना रंग नाही. पण नांगीवरचा एकेक काटा आणि पायांवरची लव अशी उतरली आहे, की रंगाची उणीव प्राणिशास्त्रज्ञाला भासू नये.

हौशी गिऱ्हाइकाला मात्र रंगच हवा असतो. विसाव्या शतकात जुने ग्रंथ सोडवून सुटी पाने विकणे हा किफायतशीर धंदा झाला. अख्ख्या पुस्तकापेक्षा चौकटीतल्या पानांचे पैसे जास्त येत, म्हणून कितीतरी प्रती पानापानाने भिंतींवर गेल्या. मूळचे बिनरंगी पान नंतर कुणाकडून रंगवून घेऊन ‘जुने’ म्हणून खपवण्याचे प्रकारही पुष्कळ झाले. ते ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. जुना रंग कागदात मुरलेला असतो, नवा वर तरंगतो. जुना जंगाल मागच्या बाजूला तपकिरी सावली सोडतो. भिंगाखाली छोट्या ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती छापखान्यातली नक्कल. आणि कडेला पत्र्याचा दाबच नसेल तर पुढचे काही तपासायची गरज नाही.

अभ्यासकाचे गिऱ्हाईकपण वेगळे. हर्बस्ट यांनी पाहिलेले पुष्कळ नमुने बर्लिनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात अजून आहेत, आणि जिथे नमुना हरवला आहे तिथे चित्रपृष्ठ हाच पुरावा. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात काम करणारे बोमन छापगर यांनी १९५७ साली तत्कालीन मुंबई राज्याच्या सागरी खेकड्यांची तपशीलवार नोंद प्रसिद्ध केली. हर्बस्ट यांनी नावे दिलेल्या काही जाती त्या किनाऱ्यावरही आढळतात. असा माणूस पानावर आधी पाहतो ते कवचाच्या पुढच्या कडेचे दात. ठिपक्यांच्या खेकड्याला डोळ्यापासून कोपऱ्यापर्यंत प्रत्येक बाजूला नऊ दात, त्यातला शेवटचा लांब काट्यासारखा बाहेर आलेला. क्रुसाच्या खेकड्याला सहा. एखाद्या प्रतीत रंगाऱ्याने पाठ गुलाबी केली काय किंवा हिरवी केली काय, तांब्यात कोरलेले दात तेवढेच राहतात, आणि जात ठरते ती त्यांच्यावर.